भाऊजींचा रिपोर्ट

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रात्री दोन वाजता काकांच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "आई, आधी साधा कॅन्सर म्हणाले होते, आता हे मिनेन काय?" काकू शेजारी असताना फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

पहिला रिपोर्ट चुकलेला नाही. कोलोनोस्कोपीत चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. त्यात ग्रंथींचा भाग आला, म्हणून ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचा कॅन्सर, लिहिलं. ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली तेव्हा शेजारीच न्यूरोएन्डोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या जातीच्या, पेशी सापडल्या. अशा मिश्र गाठीला मिनेन म्हणतात. दोन्ही भाग किमान ३० टक्के असले तरच हे नाव देतात. २०१० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात याला मॅनेक म्हणत. ही तीस टक्क्यांची रेघ मला कधी पटली नाही. वीस टक्के जहाल पेशी काय गप्प बसतात? त्या मी रिपोर्टात लिहायचेच.

तू बघायचंस ते केआय-६७, पेशी किती जोरात वाढतायत ते दाखवणारी तपासणी. वाढीला लागलेल्या पेशींचं केंद्रक त्यात तपकिरी रंगतं. आठवतं, मी प्रिंट काढलेल्या फोटोवर पेनने टिकल्या मारत बसायचे आणि तू म्हणायचास, "आई, डाग कसले मोजतेस?" तेच. काकांच्या न्यूरोएन्डोक्राइन भागात ते ७० टक्के आहे, आणि तो लार्ज सेल, म्हणजे मोठ्या पेशींच्या जहाल प्रकारचा. अठरापैकी तीन लसीकाग्रंथींत आजार पोचलाय, तिथे फक्त हाच भाग दिसतोय. म्हणजे धावतोय तो हा. पुढचं भवितव्य बहुतेक तोच ठरवतो. नेहमीच्या आतड्याच्या कॅन्सरपेक्षा हे अवघड आहे, तुझ्यापासून कशाला लपवू? हाच भाग मंद, ग्रेड १ चा असता, तर ॲडिनोकार्सिनोमाच्या भागाकडे जास्त बघितलं असतं.

जमेच्या बाजूला, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत आणि यकृत मोकळं आहे. केमो देताना डॉक्टर बहुधा प्लॅटिनम आणि इटोपोसाइडचा विचार करतील; आतड्याची नेहमीची केमो का नाही, असं काकूंनी विचारलं तर घाबरू नका म्हणावं.

परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं ठरलंच आहे, तर नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक, दोन्ही सही करून घे, नंबर जुळवून बघ. आणि ब्लॉकचा डबा गाडीत उन्हात ठेवू नकोस, मेण मऊ पडतं.

तुझी,
आई