जनगणनेचा कागद वाचून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवलं असतं, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही बाजूला सारलं असतं. म्हणून मुद्दाम चारचौघांत लिहितेय.

सासऱ्यांना त्यांच्या आजीचं माहेर शोधायचं होतं. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातलं कुठलंसं खेडं, एवढंच ठाऊक. १८५०च्या आसपासची जनगणना हाती लागेल या आशेवर आम्ही एके ठिकाणी पैसे भरायला निघालो होतो. तेवढ्यात डब्लिनच्या आपल्या मंडळात तुम्ही भेटलात आणि सगळं समजावलंत. १८२१ ते १८५१च्या बहुतेक नोंदी १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात, जिथे सरकारी दप्तरखाना होता, लागलेल्या आगीत गेल्या. १८६१ आणि १८७१च्या त्याआधीच सरकारने नष्ट केल्या होत्या, १८८१ आणि १८९१च्या पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला गेल्या. धड उरल्या त्या १९०१ आणि १९११च्या, आणि त्या तर राष्ट्रीय पुराभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवल्यात! आमचे पैसे वाचले, हे आधी सांगून टाकते.

आडनावाने शोधून काही हाती लागेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आडनावापुढचा 'ओ' काढून बघ, नाहीतर सरळ टाउनलँड, म्हणजे इथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, धरून एकेक घर उघड." आयरिश आडनावांपुढचा हा 'ओ' नोंदीत नव्हताच.

मग तो कागद. २ एप्रिल १९११च्या रात्री घरात कोण कोण होतं, कुणाला लिहिता-वाचता येत होतं, सगळं त्यात. मोजणीला पोलीसच घरोघर हिंडले होते. या घरचा कागदही पोलिसाने भरलेला, खाली घरमालकाची नुसती फुली. लग्न झालेल्या बाईसाठी वेगळे रकाने होते: मुलं किती झाली, त्यांतली हयात किती. झालेली ७, हयात ५. सासऱ्यांनी पाचच भावंडांची नावं ऐकलेली, त्यामुळे ते हटून बसले की तो ७ नाही, ५च आहे. तुम्ही वाद घातला नाहीत. शेजारच्या घरांचे त्याच पोलिसाच्या हातचे कागद उघडलेत आणि तो ५ कसा काढतो, ७ कसा काढतो, ते एकाखाली एक दाखवलंत. सासऱ्यांना मानावंच लागलं. खरं सांगू, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या चिकाटीचे.

माझ्या माहेरचं असं काही मिळेल का, हेही मी विचारलं होतं. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याने घराघराची नोंद बघण्याचा हक्कच कुणाला नाही. माणसं हयात असताना खाजगी गोष्ट खाजगी राहावी, हे मला पटतं. पण शंभर वर्षं उलटल्यावरही? आयर्लंडने तर १९०१ आणि १९११च्या जनगणना १९६१ मध्येच खुल्या केल्या, कारण आधीचं फारसं काही उरलंच नव्हतं. यावर तुमचं-माझं भांडण अजून बाकी आहे.

त्या दोन मुलांची नावं जन्म-मृत्यूच्या नोंदींत सापडतील, असं तुम्ही म्हणाला होतात. सासऱ्यांनी पुढचा शनिवार मोकळा ठेवलाय. जेवायलाच या, आणि चष्मा विसरू नका.

तुमची,
मंडळातली 'आयरिश सून'