मुलांसाठी नको, शेतासाठी जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की ‘केनियातील अनाथाश्रमात महिनाभर सेवा, सोबत सेंद्रिय शेती’ अशा जाहिराती महाविद्यालयांच्या फलकांवर आणि व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. कृषी पदवीच्या मुलामुलींना तर हेरूनच गाठले जाते. जायला हरकत नाही, पण जायचे ते तिथल्या शेतासाठी. मुलांना ‘प्रेम द्यायला’ कोणी जाऊ नये.

कारण साधे आहे. जगभरातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मूल तिथे पोहोचते ते गरिबीपायी, शाळेच्या आशेने. परदेशी पाहुणे पैसे घेऊन येऊ लागले की खाटा भरलेल्या ठेवण्यात काहींचा फायदा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९च्या ठरावात या स्वयंसेवेचा मुलांच्या तस्करीशी असलेला संबंध नोंदवला आहे. खुद्द केनियाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ या दहा वर्षांत मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचे धोरण आखले. त्यामुळे जाहिरातीत ‘नुकतीच सुरू झालेली’ संस्था दिसली, तर नोंदणी कुठली आणि कधीची, हे आधी विचारावे. प्रत्येक मुलाच्या संस्थेतल्या प्रवेशामागे न्यायालयाचा आदेश आहे का आणि गेल्या वर्षात किती मुले घरी परतली, हेही विचारावे. या प्रश्नांवर गडबडणारी संस्था टाळलेली बरी. पोलिसांचा चारित्र्य दाखला न मागता जी स्वयंसेवक घेते, तीही. आपल्याकडचे बालगृह कोणा अनोळखी पर्यटकाला मुलांच्या खोलीत झोपू देईल का?

आता शेताकडे. ‘आमचे शेत मुलांना पोसते’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असते. ते कागदावर ताडून पाहता येते. तिथे रोजचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा उगाली. माणशी वर्षाला साधारण १०० किलो मका धरा. मुले आणि कर्मचारी मिळून ५० माणसे असतील तर ५ टन, म्हणजे तिथल्या ९० किलोच्या मापाने ५५ पोती. केनियाच्या सरासरी उत्पादनाने एकरी सात-आठ पोती निघतात. म्हणजे फक्त मक्यालाच सात एकर हवेत. संस्थेकडे एक एकर असेल तर ते फोटोपुरते शेत आहे. त्या एकरात मका न लावता सुकुमा विकी ही तिथली रोजची पालेभाजी, कांदा आणि घेवडा लावला तर स्वयंपाकघराला खरा आधार मिळतो.

कधी जायचे हेही जाहिरातदार सांगत नाहीत. पश्चिमेकडे किताले भागात मार्च-एप्रिलला मका पेरतात आणि काढणी ऑक्टोबरच्या पुढे. मे महिन्यात गेलेल्याच्या वाट्याला खुरपणी, वरखते आणि लष्करी अळी येते. मकुएनीसारख्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत तिथे फारसे काम उरलेले नसते. पेरणीपासून काढणीपर्यंत सगळे एका महिन्यात दाखवू म्हणणाऱ्याला शेती माहीत नाही.

लष्करी अळीच्या बाबतीत मात्र मराठी मुलगा उपयोगी पडू शकतो. हीच कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात आली. आपल्या मका पट्ट्याने ती चांगली भोगली आहे. आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी फिरून पाच ठिकाणची दहा-दहा झाडे पाहावीत. पानावर पापुद्र्यासारखे पांढरे चट्टे म्हणजे अळी लहान आहे, अजून वेळ आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, भुशासारखी विष्ठा साचली की फवारणीचा उपयोग फारसा होत नाही, कारण अळी आत सुरक्षित बसलेली असते. अंडीपुंज हाताने चिरडणे, पोंग्यात वाळू किंवा राख टाकणे ही कामे मोठ्यांची. फवारणीचा पंप मुलांच्या पाठीवर दिसला, तर काम थांबवावे आणि जिल्ह्याच्या बालअधिकाऱ्याला कळवावे. शाळा बुडवून खुरपणीला लावणे हेही ‘शेतीचे शिक्षण’ नव्हे. आणि शिकायचेच असेल तर तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे: मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने नेपियर गवत लावून खोडकिडा व स्ट्रायगा तण आवरण्याची पद्धत नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकविज्ञान संस्थेने तिथल्याच छोट्या शेतकऱ्यांसोबत उभी केली.

सगळ्यात मोठी चूक साठवणीत होते. २००४ मध्ये पूर्व केनियात बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने १२५ माणसे दगावली. कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवावीत, ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या आत आणावा. यंत्र नसेल तर कोरड्या बरणीत दाणे आणि चांगले वाळवलेले मीठ घालून हलवावे. थोड्या वेळाने मीठ काचेला चिकटले तर दाणा अजून ओला आहे. पोते शिवू नये.

स्वयंसेवकांच्या देणगीतून हमखास उभी राहते ती कोंबड्यांची शेड, आणि हमखास बंद पडते तीही तीच. अंड्यावरची कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. शंभर पक्ष्यांना रोज १२ किलोच्या आसपास. देणगी संपली की खाद्य तुटते, अंडी थांबतात. त्यातून वाचली तर मानमोडी हा कोंबड्यांचा रोग येतो, कारण लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि वीज जाते. उष्णता थोडीफार सोसणारी आय-२ लस डोळ्यात थेंब टाकून द्यावी, दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. गावठी वीस कोंबड्या पुरेत. त्यांची ताजी विष्ठा पालेभाजीत टाकू नये; कच्चे खत घातल्यापासून तोडणीपर्यंत किमान चार महिने जाऊ द्यावेत, नाहीतर मुलांना जुलाब ठरलेले.

कागदपत्रांचे थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाला ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. पर्यटक म्हणून घेतलेल्या परवानगीवर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. संस्थेने वेगळा परवाना काढून द्यायला हवा. ‘विमानतळावर फिरायला आलो म्हणून सांगा’ असे एजंट सांगत असेल तर तिथूनच परत फिरावे. पिवळ्या तापाची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अशा सहलींच्या जाहिराती घेताना संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि स्वयंसेवकाच्या परवान्याचा प्रकार छापणे बंधनकारक करावे. मुलांचे चेहरे दाखवणारी छायाचित्रे तर घेऊच नयेत. आपल्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली इथल्या बालगृहातील मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केनियातल्या मुलांसाठी आपला नियम वेगळा असायचे कारण नाही.

कृषी विस्तार क्षेत्रातील एक वाचक,
राहुरी