कोंबडी घरघरली की लगेच पुडी? आधी खुराड्यात डोकं घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकाड लागला की आपल्या कोल्हापूर भागात गावरान कोंबडीला जो दर मिळतो तो वर्षभर मिळत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत खुराडी ओली होऊन कोंबड्या घरघरायला लागतात. पुढचं ठरलेलं आहे. माणूस औषधाच्या दुकानात जातो, "कोंबड्या खोकायला लागल्यात, काय तरी द्या" म्हणतो, दुकानदार एक पुडी देतो, बहुतेक अँटिबायोटिकची, ती पाण्यात ढवळली की झालं काम. कोंबडी कुणी हातात घेतली नाही, शीट कुणी बघितली नाही. बरी झाली तर पुडीनं झाली आणि मेली तर म्हणे वारं लागलं.

माझं परडं पन्हाळ्याच्या पश्चिमेला, गावरान आणि थोड्या गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्या, दिवसभर मोकळ्या. पाऊस किती असतो ते सांगायला नको. या पुडीबद्दल आणि तिच्यापेक्षा जास्त म्हणजे लसीच्या वेळेबद्दल लिहायचं होतं.

घरघर एकच, कारणं ढीगभर. मानमोडी म्हणजे राणीखेत आली तर हिरवट पातळ शीट, तोंड उघडून श्वास, मान पिळवटलेली आणि एकामागं एक मरतूक. हा विषाणूचा रोग, त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, आधी टोचलेली लस हाच काय तो उपाय. सीआरडी म्हणजे श्वासाचा जुनाट रोग वेगळा, तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा, डोळ्यात फेस, नाकातनं पाणी, कोंबडी सहसा मरत नाही पण अंडी कमी होतात आणि अंग धरत नाही. इथं औषधानं आराम पडतो हे खरं पण जंतू कळपातनं जात नाही, पावसाची झड लागली, जागा बदलली की परत डोकं वर काढतो, शिवाय अंड्यातनं पिल्लात उतरतो, म्हणून असल्या कोंबडीची अंडी खुडकीखाली उबवायला अजिबात घालू नका. तोंड सुजून नाकाला घाण वास मारत असेल तर कोरायझा. तुऱ्यावर खपल्या आणि घशात पिवळट पापुद्रा असेल तर देवी. आणि बुरशी आलेलं भाताचं तूस अंथरलं तर पिल्लांच्या फुफ्फुसात ती बुरशीच धरते, तिथं पुडी काय करणार?

हे सगळं ओळखायचं असेल तर रात्री बॅटरी न लावता खुराड्याजवळ जाऊन उभं राहायचं. कोंबड्या शांत झाल्या की कोण घरघरतंय, कोण शिंकतंय ते नीट ऐकू येतं, दिवसाच्या कलकलाटात काही कळत नाही. आणि जाताच आहात तर नाक पण वापरा. पावसाळ्यात आपल्याकडं खुराड्याला चारी बाजूनं खताची पोती नाहीतर जुने फ्लेक्स गुंडाळायची पद्धत आहे, फ्लेक्स आमदारांचा असो नाहीतर बर्थडे बॉयचा, हवा सारखीच कोंडतो. खाली शीट ओली, वर हवा बंद, मग अमोनिया साठतो. कोंबडीच्या उंचीवर वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले तर समजा की तो प्रमाणाबाहेर गेलाय. या वायूनं श्वासनळीच्या आतली बारीक लव मरगळते, धूळ-जंतू बाहेर टाकायचं काम थांबतं आणि मग कुठलाही रोग आत घुसतो. म्हणजे निम्मी घरघर वरच्या बाजूला वीतभर फट ठेवून आणि ओलं तूस रोज उलथून कमी होते. याला पैसे पडत नाहीत म्हणूनच बहुतेक कुणाचा विश्वास बसत नाही.

आता जंत. मोकळ्या कोंबडीच्या दुखण्याची मुळी इथं असते असं माझं स्पष्ट मत आहे. गोल जंताची अंडी शिटेतनं जमिनीत पडतात, ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत लागण करायला तयार होतात आणि सावलीच्या ओल्या मातीत महिनोन्महिने टिकतात. कोंबडी रोज तिथंच उकरते. जंतानं ती खंगते, तुरा फिका पडतो, आणि खंगलेल्या कोंबडीला दिलेली लस सुद्धा नीट लागत नाही. पट्टकृमीचं वेगळंच, तो मुंग्या, शेणकिडे, माश्या खाल्ल्यानं पोटात जातो आणि शिटेत भाताच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात, तिथं पायपेराझिन हे जंताचं औषध देऊन काही उपयोग नाही कारण ते फक्त गोल जंतावर चालतं. आणि एक जंत तर थेट श्वासनळीतच राहतो, तांबडा, नर-मादी चिकटलेले. गांडूळ, गोगलगाय खाऊन पिल्लांना होतो. पिल्लू मान लांब करून जांभई दिल्यासारखं तोंड वासतं, डोकं झटकतं, बघणाऱ्याला वाटतं सर्दी झालीय. दर वेळी तो सापडतोच असं नाही पण मेलेल्या पिल्लाची श्वासनळी डॉक्टरांकडनं उघडून बघितल्याशिवाय कळणार पण नाही.

अंगावरचे किडे दिवसा दिसत नाहीत. गोचीड आणि ते बारीक तांबडे किडे, आम्ही सरसकट पिसवाच म्हणतो, दिवसा बांबूच्या सांध्यात, डालग्याच्या विणीत, आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात. रात्री दांडीखालनं पांढरं फडकं फिरवा, तांबडे डाग आले तर समजून जा. इथं कोंबडीपेक्षा खुराड्याचा इलाज महत्त्वाचा. उकळतं पाणी, फटीत चुना, उघडीप मिळाली की ऊन, आणि आठवड्यानं परत तेच, कारण अंड्यातनं नवीन निघालेले असतात. फवारायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच, उसावर मारायचं औषध कोंबडीवर मारणारे बहाद्दर आमच्याकडं पण आहेत. पावसात बाहेर सगळा चिखल असतो त्यामुळं कोंबडीला अंग घोळायला जागा राहत नाही, तर वळचणीला कोरडी माती आणि चुलीची राख घालून ठेवा.

आणि आकाडातली सगळ्यात मोठी भानगड म्हणजे बाजार. न खपलेली कोंबडी संध्याकाळी परत घरी येते, दिवसभर दहा गावच्या कोंबड्यांना घासून, आणि सरळ कळपात सोडली जाते. तिला तीन-चार आठवडे वेगळं डालगं, वेगळं भांडं पाहिजे. एवढं जमत नसेल तर पडेल त्या दरानं विकून या पण परत आणू नका.

पुडीला माझा विरोध एवढ्यासाठी की गावरान म्हणून आपण अंड्याला दुप्पट पैसे घेतो. अँटिबायोटिक पाण्यात चालू असताना आणि बंद केल्यावरही काही दिवस ती अंडी विकायची नसतात, हे किती जण पाळतात? कोलिस्टिन नावाचं औषध तर केंद्र सरकारनं २०१९ मध्येच जनावरं-कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण माणसावर दुसरं काही चालेना झालं की डॉक्टर शेवटी तेच वापरतात.

आता लसीबद्दल. पहिल्या आठवड्यात लासोटा या राणीखेतच्या लसीचा थेंब डोळ्यात, सातव्या आठवड्यात जंताचं औषध, आठव्यात राणीखेतचीच आरटूबी लस टोचायची, हे वेळापत्रक पशुसंवर्धनवाले सांगतातच. पण लसीची कुपी शंभर डोसच्या खाली सहसा मिळत नाही, ती थंडच ठेवावी लागते, एकदा कालवली की तास-दोन तासात संपवावी लागते, आणि गावात एकेका घरी कोंबड्या पंधरा-वीस. एकट्यानं कुपी घेणं परवडत नाही. दवाखान्यातनं माणूस येतो तो अकरा वाजता, तेव्हा कोंबड्या उसात. मोकळ्या कोंबडीला अकरा वाजता पकडून दाखवावं कुणीतरी! मग दोन-चार हाताला लागतात, तेवढ्या टोचून माणूस जातो, उरलेली लस वाया, आणि कागदावर गाव झालं.

म्हणून मागणी साधी आहे. वाडीवार एक दिवस ठरवा, वेळ पहाटे साडेपाचची, खुराडी उघडायच्या आधी. आठवडाभर आधी जंताचं औषध वाटा. उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, पशुसखी गावोगावी आहेत, डोळ्यात थेंब टाकायचं काम त्या सहज करतील, टोचायला दवाखान्याचा माणूस असू दे. बर्फाची पेटी आणि आदल्या रात्री ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर एक मेसेज, यापेक्षा जास्त काही लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात शीट तपासून द्यायची सोय कागदावर असेल तर ती चालू आहे का ते पण एकदा सांगा. एकदम जास्त कोंबड्या मेल्या तर मात्र कापू नका, ओढ्यात टाकू नका, १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा. २००६ ला नवापुरात बर्ड फ्लू आला होता, आणि नुसतं बघून तो आणि मानमोडी वेगळे ओळखता येत नाहीत.

तुमच्या पेपरात पाणी कधी येणार नाही ते पेठेवार छापून येतं. तशाच लसीच्या तारखा गाववार छापा, पावसाळ्याच्या आधी, म्हणजे मेमध्ये. यंदाचा आकाड गेला हातचा, पण पुढच्या वर्षीची पिल्लं अजून अंड्यात पण नाहीत.

आपला,
एक कोंबडीवाला वाचक
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर