कौलारू घर पाडू नका, वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या जुन्या घरांवरचा लेख वाचला, फोटो सुंदर होते, पण लेखाचा सूर असा होता की ही घरं आता होमस्टे म्हणूनच काय ती टिकतील. ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. राजापूर तालुक्यातलं आमचं घर आम्ही तिघा भावांनी गेल्या दोन वर्षांत दुरुस्त केलं आणि वाढवलंही, आणि ते टुरिस्टसाठी नाही तर आईसाठी, जी तिथे बारा महिने राहते.

घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे खळं म्हणजे मातीचं अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, वर माळा आणि डोक्यावर मंगलोरी कौलं. अडचण एकच पण मोठी होती, संडास परसात, आईचं वय ७९, आणि जुलैच्या पावसात रात्री टॉर्च घेऊन जायचं म्हणजे आमचा इथे डोंबिवलीत जीव टांगणीला. शिवाय गणपतीत सगळे जमलो की झोपायला जागा पुरत नाही. कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं तर त्याने घर पूर्ण बघितलंसुद्धा नाही, म्हणाला पाडा आणि स्लॅब टाका.

वाडीत तसंच चाललंय आणि लोकांना मी दोष देत नाही. घरात माणूस नसतं, वानरं उड्या मारून कौलं फोडतात, दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही. पण स्लॅब टाकलेल्या घरांचं काय होतं तेही बघतोय ना आपण, एप्रिलमध्ये आत भट्टी, चार पावसाळे गेले की गळती, मग त्या स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च!

आमच्या घराचं खरं नुकसान पावसाने नाही, आम्हीच केलं होतं. तीसेक वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं, तेव्हा ते पक्कं काम वाटलं. जांभा दगड पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, सिमेंटने त्याची वाट बंद केली, ओल आतच राहिली, दर पावसाळ्यात प्लास्टर फुगून पडायचं आणि मागचे चिरे भुसभुशीत झालेले. ते सगळं खरवडून काढलं. लांजा तालुक्यातले सत्तरी ओलांडलेले एक गवंडी काका भेटले, त्यांनी कळीचा चुना टाकीत भिजत घातला, महिनाभर हात लावू दिला नाही, मग वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून मळला. काम सावकाश झालं, मजुरी जास्त गेली, पण दोन पावसाळे झाले, भिंत कोरडी आहे.

वाढीव भाग मागच्या दाराच्या बाजूला घेतला. एक खोली आणि तिला लागूनच कमोड असलेला संडास बाथरूम, पकडायला दांडे, आणि माजघरापासून तिथपर्यंत कुठेही पायरी नाही. जोतं जुन्या घराच्या लेव्हलला, चिरा जवळच्याच खाणीतला, छपराचा उतार तोच. २०२१ च्या तौक्ते वादळात परसातला फणस पडला होता, तो विकला नव्हता, त्याचे दोन खांब आणि दरवाजा झाला. कौलं शेजारच्या पाडलेल्या घराची घेतली, आणि इथे एक शिकलो ते सांगतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कौलांची खाच जुळत नाही, म्हणून पाठीवरचा शिक्का बघून एकाच छापाची वेगळी काढावी लागतात. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांची फॅक्टरी काढली, तेव्हापासूनची ही पद्धत, पण आज दुकानदाराला विचारलं तर तो पत्र्याचं कोटेशन देतो.

खळ्याला मात्र हात लावला नाही. धाकट्या भावाला तिथे गाडीसाठी पेव्हर ब्लॉक घालायचे होते, बरीच वादावादी झाली. पण पाऊस गेला की खळं चोपायचं, सारवायचं, गणपतीत जाखडीवाले नाचायला येतात ते तिथेच, ब्लॉकवर कसे नाचणार ते अनवाणी? गाडी आता गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर लावतो.

सगळ्यात जास्त त्रास कर्जाचा झाला. एका बँकेच्या व्हॅल्युअरने कौलारू म्हटल्यावर घराची किंमत जवळपास शून्य धरली, पाडून आरसीसी बांधणार असाल तर लोन लगेच म्हणाला. शेवटी तिघांनी पीएफमधून पैसे काढले. सगळ्यांना हे जमणार नाही. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० पासून जांभ्याच्या भिंतींवर उभा आहे, तो बघायला आपण तिकीट काढतो, मग त्याच दगडाचं घर बँकेला कच्चं कसं वाटतं? जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी, कौलं आणि चुन्याचा खर्च धरून कर्ज मिळायला हवं, यावर आपल्या आमदार खासदारांनी बोलावं. आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये गवंडीकामाच्या मुलांना चुना मळायला, सुतारकामाच्या मुलांना आढं वासे बसवायला शिकवावं, त्या काकांसारखी माणसं आहेत तोवर.

तुम्हाला एक विनंती, पुरवणीत दर आठवड्याला अशा एका कारागिराची माहिती छापा, काम कुठल्या गावात करतो, मजुरी काय, साहित्य कुठून आणतो. आम्हाला गवंडी शोधायला आठ महिने लागले. काकांना विचारलंय, ते माहिती द्यायला तयार आहेत, तुमचा वार्ताहर मे महिन्यात आला तर आम्ही गावीच असू.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)