मंत्रिमहोदय, कुत्र्यांच्या जातींची यादी राहू द्या, आधी कापलेले कान बघा

प्रति,
माननीय केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

१२ मार्च २०२४ रोजी आपल्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून काही 'आक्रमक' जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. ज्यांच्या घरी ती आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी, असंही त्यात होतं. त्या यादीत टोसा ही जपानी जात दोनदा आली आहे आणि एका जागी नुसतंच 'टेरियर' लिहिलं आहे. म्हणजे मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा? संकरित कुत्रीही धरली होती. ती नुसती बघून ओळखणं माझ्यासारख्या पशुवैद्यालाही जमत नाही, तिथे महापालिकेचा कर्मचारी काय करणार? एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही, आणि मे महिन्यात आपल्या विभागाने या बंदीवर लोकांच्या हरकती मागवल्या. मुदत केव्हाच उलटली, तरी ही माझी हरकत समजावी.

त्या यादीत डॉबरमन नाही. पण कान कापलेलं पिल्लू माझ्या टेबलावर येतं ते बहुतेक वेळा डॉबरमनचंच. जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं. कानाची पाळी अर्ध्यावर कातरलेली, जाड दोऱ्याचे टाके, दोन्ही कान ताठ राहावेत म्हणून मध्ये थर्माकोलचा तुकडा आणि वरून चिकटपट्टी. पट्टी सोडवताना आधी वास येतो, मग पू दिसतो. कोणी केलं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'ब्रीडरकडे एक माणूस येतो.' भूल दिली होती का, हे मालकाला ठाऊक नसतं. ड्रेसिंग झालं की तो विचारतो, 'डॉक्टर, कान उभे राहतील ना?'

कान कापले की कानाचे आजार होत नाहीत, असं ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारे, सांगतात. लॅब्राडोरचे कान लोंबतात, ते दुखतातही, पण ते कापा म्हणून कोणी येत नाही. कारण लॅब्राडोरकडून दराऱ्याची अपेक्षा नसते. दरारा विकत घेणारं हेच गिऱ्हाईक पुढे पिटबुल किंवा केन कोर्सो घेतं, गच्चीवर साखळीला बांधतं, माणसांत मिसळू देत नाही, आणि कुत्रा भुंकून अंगावर गेला की खूश होतं.

चावणाऱ्या कुत्र्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मे २०२४ मध्ये चेन्नईत बागेत खेळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीवर दोन रॉटवायलर तुटून पडले. ताकदवान कुत्रा चावला की जखम मोठी होते, हे मला टाके घालणाऱ्याला कोणी सांगायला नको. पण ते कुत्रे मोकळे होते, आणि अटक झाली ती मालकाला. तेच बरोबर होतं. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलबंदी आणली आणि चावण्याचं प्रमाण घटत नाही म्हणून २००८ मध्ये ती गुंडाळली.

आपल्या हातात कायदे आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत माझ्याकडे एक ड्रेसिंगही होत नाही! भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणं किंवा पंगू करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण पिल्लाच्या कानासाठी ते लावा म्हणून पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? २०१७ च्या श्वानपैदास नियमांत ब्रीडरची नोंदणी आणि कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप सक्तीची आहे. माझ्याकडे येणाऱ्या पिल्लांमध्ये चिप सापडणं दुर्मीळ.

दंड वाढवणारा मसुदा आपल्याच मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, तो संसदेत आणा. आणि राज्यांना नवं पत्र पाठवायचं असेल तर ते कुत्र्यांच्या जातींबद्दल नको, ब्रीडरांच्या तपासणीबद्दल पाठवा. सुरुवात ऑनलाइन जाहिरातींपासून करता येईल. तिथे कापलेल्या कानांच्या पिल्लांचे फोटो ब्रीडर स्वतःच टाकतात, खाली मोबाईल नंबरसकट.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, सांगली जिल्हा