ग्रहण, तुळशीपत्र आणि पीएचडी

संपादक महोदय,

भाचीने एम.एस्सी.नंतर ‘विज्ञान शिक्षण’ या विषयात पीएचडी करायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला : म्हणजे बी.एड.च ना? मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून आहे, तिथे या विषयात पीएचडी करता येते, हे आमच्या सुशिक्षित घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

मला मात्र या अभ्यासाची गरज वर्गातच कळली. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी एका मुलीने वहीत चंद्राच्या सावलीची आकृती चोख काढली. पट्टीने, नावं घालून. तिच्या डब्यात पोळीवर तुळशीची दोन पानं होती. आजीने ठेवलेली. परीक्षेत पैकीच्या पैकी, घरी वेध पाळायचे, आणि तिला यात काही अडत नव्हतं! अशा वेळी मी तीस वर्षं एक तर हसले किंवा ओरडले. दोन्हींचा उपयोग शून्य.

आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी ग्रहण म्हणजे सावली असं लिहिलं, आणि राहू-केतू हे गणितात चंद्रमार्ग आणि सूर्यमार्ग यांचे छेदनबिंदू आहेत. एवढं तरी आधी सांगितलं असतं, तर ती पोर आजीशी बोलू शकली असती. मुलाच्या डोक्यात श्रद्धा आणि सूत्र शेजारी-शेजारी कशी नांदतात, यावर आयुष्यभर काम करणारी माणसं हवीत. आपली विद्यापीठं त्यासाठी किती जागा काढतात?

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण