वहिनी, तुम्ही काम विचारलंत

वहिनींना सप्रेम नमस्कार,

पत्र असं उघड लिहितोय म्हणून रागवाल, माहीत आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, तेवढं पाळलंय. पण नोकरी शोधताना तुम्ही केलेल्या मदतीचे समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘भाऊजी, चहा गार होतोय’ म्हणून विषय तोडता. शिवाय ज्यांनी हे वाचायला हवं ते आमचे फौजी भाऊ भूम-परांड्यापासून भोकरदनपर्यंत पसरलेत. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो.

फौजेतून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे मान कमी पडत नाही. पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ. मी हवालदार म्हणून घरी आलो, पण आमच्या गावात वेशीच्या आत पाऊल टाकलं की प्रत्येक फौजी मेजरच असतो. नोकरीचं काढलं की मात्र मेजरसाहेबांना दोनच वाटा दाखवतात: कंपनीचं गेट, नाहीतर बँकेचं दार. सिक्युरिटीच्या कामाला मी नावं ठेवत नाही. मेस्को या माजी सैनिकांच्या राज्य महामंडळामार्फत आमचे कितीतरी भाऊ ते करतात आणि चोख करतात. पण सतरा वर्षं ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक म्हणून काढल्यावर गेटवर उभं राहून, आत येणाऱ्या गाड्यांचे फक्त नंबर लिहून घ्यायचे, हे काही माझ्या पचनी पडत नव्हतं. वाळूजच्या एका कंपनीत तर साहेब खुर्चीवरून उठून ‘जय हिंद’ म्हणाले, हात मिळवला, आणि पगाराचं निघताच ‘तुम्हाला पेन्शन आहेच की’ म्हणत हेल्परच्या आकड्यावर आले.

अशा दिवसांत तुमच्या यजमानांनी मला बजाजनगरच्या तुमच्या घरी आणलं. माझ्या हातात तालुक्याच्या सायबर कॅफेतून करून आणलेला बायोडाटा होता. जात, धर्म, राष्ट्रीयत्व, छंद व्यायाम, आणि खाली ‘शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती’. एवढी वर्षं एचआरमध्ये काढलेल्या तुम्ही त्या ओळीवर पेनाने सरळ काट मारलीत. म्हणालात, ‘हे सगळेच लिहितात. आमच्याकडे चोरीत सापडला त्यानेही लिहिलं होतं.’ मग फौज सोडताना मिळालेलं डिस्चार्ज बुक मागितलंत. त्यातला ‘एक्झम्प्लरी’ हा चारित्र्याचा शेरा आम्ही लोक मोठ्या अभिमानाने दाखवतो. तुम्ही ‘छान’ म्हणून पान उलटलंत आणि ट्रेड म्हणजे माझं काम, त्यातली क्लास वन श्रेणी, केलेले कोर्स या नोंदींवर बोट ठेवून विचारलंत, ‘आता सांगा, सकाळी वर्कशॉपमध्ये गेल्यावर पहिलं काय करायचात?’

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे बॉर्डर कशी असते, कधी गोळी चालवली का. मी सांगत गेलो: रोज सकाळी व्हीओआरचा तक्ता भरायचा, म्हणजे कुठली गाडी बंद, कशामुळे बंद, कुठला पार्ट मागवलाय, कधी रस्त्यावर येईल. तो ओसी, म्हणजे आमच्या प्रमुख साहेबांपुढे जायचा. मग जॉब कार्ड, पोरांना कामं वाटून देणं, संध्याकाळी टूल मोजून जमा करणं. कॉन्व्हॉय निघायच्या आधी प्रत्येक गाडीची तपासणी आणि त्याखाली माझी सही. तुम्ही मध्येच उठलात, मोबाइलवर तुमच्या कंपनीच्या मेंटेनन्स रजिस्टरचा फोटो उघडून माझ्यापुढे धरलात. रकाने बघून मी गप्पच झालो. मशिन नंबर, बिघाड, कारण, लागलेला पार्ट, बंद राहिलेले तास. मी वर्षानुवर्षं जे भरत होतो तेच, फक्त गाडीच्या जागी प्रेस मशिन.

लेहकडच्या हिवाळ्याचं तर तुम्ही फारच कोरडेपणाने घेतलंत, तेव्हा मला थोडं लागलंही होतं. तिकडे डिझेल गोठतं, बॅटरी थंडीने मरते. रात्री बॅटऱ्या काढून बुखारीच्या, म्हणजे शेगडीने गरम केलेल्या खोलीत ठेवायच्या, दर काही तासांनी ड्युटीवरच्या पोराने इंजिनं चालू करून गरम करायची, आणि पहाटे हुकूम आला की एकूण एक गाडी स्टार्ट झालीच पाहिजे. मी रंगवून सांगत होतो. तुम्ही वहीत लिहिलंत: ‘अतिथंड हवामानात वाहन ताफ्याचं देखभाल वेळापत्रक तयार केलं व रात्रपाळीच्या माणसांकडून राबवलं.’ मी म्हटलं, ‘वहिनी, एवढंच? उणे वीसात होतो आम्ही!’ तुम्ही म्हणालात, ‘उणे वीस मुलाखतीत सांगा, विचारलं तर. कागदावर काम राहू द्या.’

त्या एका पानाच्या बायोडाट्यावर ‘देशसेवा’ हा शब्द कुठेच नाही. आईला दाखवला तेव्हा तिने विचारलं, फौज कुठाय यात? पण मुलाखतीला बोलावणी आली ती त्याच पानामुळे.

कागदपत्रांच्या बाबतीत तुम्ही मला भ्रमात राहू दिलं नाहीत, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या लोकांत याचा फार घोळ आहे. रेकॉर्ड ऑफिसचं पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र हातात आलं की आम्ही स्वतःला बीए समजू लागतो. तुम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन लावायला लावून खात्री करून घेतलीत. दहावी पास आणि पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या राखीव जागांसाठी ते चालतं, तेही जिथे नुसती पदवी मागितली आहे आणि तांत्रिक अनुभवाची सक्ती नाही अशा ठिकाणी. खासगी कंपनीवर ते मानायचं कसलंही बंधन नाही. राज्याच्या गट क आणि गट डच्या भरतीत आपल्याला १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचे अर्ज मी भरत राहिलो. पण जाहिरातीची वाट बघत घरी बसायचं नाही, ही तुमची अट होती.

आणि दुसरी अट: जे येत नाही त्याची यादी आधी करायची. ही मला जड गेली. फौजेत मी ज्या गाड्यांवर हात बसवला त्यातल्या बऱ्याच जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, कॉमन रेलची इंजिनं, सेन्सर, स्कॅनर लावल्याशिवाय निम्मे बिघाड कळतच नाहीत. तुम्ही आरपीएलचं सुचवलंत, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात ते. पण त्याआधी ओळखीच्या गॅरेजवर स्कॅनर शिकायला पाठवलंत. तिथला पोरगा माझ्या पुतण्याच्या वयाचा. ‘त्याला सर म्हणायची लाज वाटते का?’ असं तुम्ही विचारलंत. वाटत होती, पण म्हटलं. परीक्षकाने वायरिंग डायग्राम पुढ्यात टाकला तेव्हा त्या पोराचीच शिकवणी कामी आली. आरपीएलच्या कागदाने आभाळ ठेंगणं होत नाही, हेही सांगून ठेवतो. आयटीआयच्या दोन वर्षांची जागा तो घेत नाही. पण डिस्चार्ज बुक वाचता न येणाऱ्या एचआरला तो वाचता येतो, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे.

पगाराची तालीम तर तुम्ही स्वयंपाक करता करताच घेतलीत. ‘किती अपेक्षा आहे?’ असं तुम्ही विचारायचं आणि मी ‘जे द्याल ते सर’ म्हणायचं. दर वेळी ओट्यावर लाटणं आपटायचं. ‘भाऊजी, पेन्शन झालेल्या नोकरीची आहे. हे उद्यापासूनच्या कामाचं विचारतायत. आकडा सांगा आणि गप्प बसा.’ आकडा सांगणं जमलं, गप्प बसणं अवघड गेलं. आज मी वाळूजमध्येच एका वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपला सुपरवायझर आहे आणि पगार मी सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास आहे.

माझं बघून रविवारी तुमच्या घरी फौजींची रांग लागली, त्याचा दोष माझ्याकडे. एएससीच्या, म्हणजे फौजेच्या रसद दलातल्या स्टोअरकीपरचं तुम्ही पटकन मार्गी लावलंत, मालाच्या नोंदीचं लेजर आणि साठा पडताळणी गोदामवाल्यांना लगेच समजते. सिग्नलवाल्याला केबल जोडणीची कामं मिळाली. मेडिकल कोअरच्या नर्सिंग असिस्टंटला मात्र स्पष्ट सांगितलंत की कौन्सिलच्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून लागता येणार नाही, कुणी लावतो म्हणालं तर पैसे देऊ नका. पायदळाच्या नायकाने खाली मान घालून ‘मला रायफलशिवाय काही येत नाही’ म्हटलं, त्याच्याशी तुम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलात. दहा जणांचं सेक्शन, फायरिंग रेंजवरची सुरक्षा, दारूगोळ्याचा एकेका गोळीचा हिशोब, हे त्याच्याकडून एक एक करून काढलंत. तो एका क्लासमध्ये ‘सेफ्टी ऑफिसर’च्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरायला निघाला होता. सेफ्टी ऑफिसरला मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, आणि त्यालाही आधीचं शिक्षण लागतं, हे सांगून तुम्ही त्याचे पैसे वाचवलेत. त्याला अजून मनासारखं काम लागलेलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, तुम्हीही लपवत नाही.

जे अजून नोकरीत आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं, डीजीआर या फौजींच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याचे कोर्स नोकरीच्या शेवटच्या काळात करता येतात, जवानाची फी सरकार भरतं. सुट्टी वाचवून गावी बांधकाम काढण्यापेक्षा ते करा. मी केला नव्हता, म्हणून सगळा भार वहिनींवर आला.

आता एक कामाचं. माझा पुतण्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीतला. २०२६ संपता संपता त्याची चार वर्षं भरतील. चारातल्या एकालाच पुढे ठेवणार, बाकीचे घरी. त्यांना ना पेन्शन, ना पंधरा वर्षांवर मिळणारं ते पदवीचं प्रमाणपत्र. चार वर्षांनी एकरकमी मिळणारे सेवानिधीचे पैसे आणि कौशल्याचा दाखला घेऊन तो येईल. मी त्याला फोनवर सांगून ठेवलंय की आजपासून वही कर, रोज कुठलं यंत्र हाताळलं, कुणाच्या हाताखाली, काय बिघडलं, ते लिही. कंटाळतो, पण लिहितो. परवा त्याने पानांचे फोटो पाठवले, अक्षर भयानक आहे.

यंदा तुमच्या मुलीचं दहावीचं वर्ष. त्यामुळे रविवारी बजाजनगरला कुणी येणार नाही, मी सगळ्यांना कळवलंय. पोरं माझ्या खोलीवर बसतील. बायोडाटा त्यांच्याकडून मी लिहून घेईन, ‘शिस्तप्रिय’वर काट मीच मारीन. परीक्षा संपली की फक्त पुतण्याचं पान एकदा नजरेखालून घाला.

तुमचा,
ईएमईवाला भाऊजी